शैलजाबाईंचे अठ्ठेचाळीस चौकोन

जयसिंगपुरात पत्ता सांगायला फार शब्द लागत नाहीत. गाव आखून वसवलेलं आहे. गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना आकडे आहेत. "आठवी गल्ली, डावीकडून तिसरं घर" एवढं सांगितलं की पाहुणा दारात हजर. आता अशी कल्पना करा की एके सकाळी कुणीतरी गल्ल्यांचे आकडे बदलले. घरं तीच, माणसं तीच, फक्त आकडे जास्त सोयीचे करून दिले. त्या दिवशी गावात काय होईल? पोस्टमन गोंधळेल हे खरं, पण तो वैतागेल आणि नवे आकडे पाठ करील. ज्या म्हाताऱ्या माणसाला कुणी सांगितलंच नाही, तो मात्र दुसऱ्याच्या दारात उभा राहून आपलंच डोकं फिरलं असं समजेल.

२०४४ सालच्या दसऱ्याला लोहार सरांच्या घरात तसंच घडलं. गल्ल्यांऐवजी तिथे एका पडद्यावरचे चौकोन होते.

लोहार सर म्हणजे अरविंद लोहार. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं टर्नरच्या मुलांना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी शैलजाबाई एस.टी. स्टँडवर गाड्यांची घोषणा करायच्या. कुरुंदवाडची गाडी कोणत्या फलाटावर लागली हे पंचवीस वर्षं गावानं त्यांच्या आवाजात ऐकलं. घरीही बोलणं त्यांचंच. सर ऐकायचे आणि मान हलवायचे. मग दीड वर्षापूर्वी शैलजाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं.

इथे मेंदूविषयी थोडं समजून घ्यायला हवं. शब्द सांभाळणारा भाग बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की माणसाला मीठ हवं असतं, मीठ म्हणजे काय हेही कळत असतं, पण 'मीठ' हा शब्द सापडत नाही. याला वाचाघात म्हणतात. लिहिलेलं वाचणंही बहुधा त्याबरोबर जातं. जागांची आठवण मात्र मुख्यतः मेंदूच्या उजव्या बाजूला असते. म्हणून ज्या बाईला 'मीठ' म्हणता येत नाही, तिचा हात फडताळातल्या दुसऱ्या कप्प्यातल्या डाव्या डब्याकडे बरोबर जातो. वस्तूचं नाव हरवलं तरी तिचं घर लक्षात असतं.

सांगलीच्या हॉस्पिटलातल्या वाचा-उपचार करणाऱ्या रेश्मा नायकवडी यांनी याच गोष्टीचा उपयोग केला. त्यांनी एका सपाट पडद्याच्या संगणकावर आठ रकाने आणि सहा ओळी असे अठ्ठेचाळीस चौकोन मांडले. प्रत्येक चौकोनात एक शब्द. चौकोनाला बोट लावलं की यंत्र तो शब्द बोलायचं. आवाज शैलजाबाईंचाच होता, कारण स्टँडवरच्या जुन्या घोषणा जपून ठेवलेल्या होत्या आणि त्यावरून यंत्रानं तो बनवला. त्यामुळे सगळे शब्द घोषणेच्या सुरात यायचे. वरच्या डाव्या कोपऱ्यात 'अहो' होतं. ते वाजलं की गाडी सुटायला आली आहे असं वाटायचं.

"काकू वाचणार नाहीत, जागा पाठ करतील," रेश्माबाईंनी सरांना सांगितलं होतं. "त्यांच्यासाठी चौकोनाची जागा हाच शब्द आहे."

चार महिन्यांत शैलजाबाईंनी अठ्ठेचाळीस जागा पाठ केल्या. बोट चौकोनावर न्यायला, तिथे थांबायला आणि मग टेकवायला त्यांना चार-पाच सेकंद लागायचे. पण त्या बोलायला लागल्या. एकदा रेश्माबाईंसमोरच त्यांनी तीन चौकोन दाबले. 'अहो.' 'आमटी.' 'पाणी.'

"पाणी हवंय का, काकू?" रेश्माबाईंनी विचारलं.

सर म्हणाले, "नव्हे हो. काल आमटी मी केली होती. पाणचट झाली म्हणून हॉस्पिटलात तक्रार चाललीय."

आता त्या यंत्राविषयी. त्याच्या तळाशी लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक मूळ प्रणाली. ती फुकट असते आणि तिचं पोट कुणालाही उघडून बघता येतं. तिच्यावर आपल्या डोळ्यांना दिसणारा जो भाग असतो, म्हणजे खिडक्या, चित्रं, बटणं, त्याला डेस्कटॉप म्हणतात. तो निरनिराळे गट आपापल्या आवडीनं बनवतात, आणि कोणतं बटण कुठे असावं यावरून त्यांच्यात कित्येक वर्षं वाद चालत आले. शैलजाबाईंच्या यंत्रावरच्या डेस्कटॉपचं नाव 'अंगण'. अंगणनं तो वाद वेगळ्या तऱ्हेनं मिटवला. बटण कुठे असावं हे माणसानं ठरवायचंच नाही. पडद्याच्या वर एक छोटा कॅमेरा असतो. बोट कुठे जातं, कुठे घुटमळतं, काय दाबतं, हे तो पाहतो. दर मोठ्या अपडेटच्या वेळी यंत्र त्या माणसाच्या सवयीप्रमाणे सगळं नव्यानं मांडतं. जे लागतं ते मोठं करून पुढे आणतं आणि जे लागत नाही ते काढून टाकतं. लाखो लोकांची त्यामुळे सोय झाली, हे मान्य करायला हवं.

अंगणच्या अपडेट करणाऱ्या साधनाला 'उजळणी' म्हणत. लोहार सरांना उजळणीची धास्ती होती. पहिल्या उजळणीनंतर प्रिंटर बंद पडला. दुसरीनंतर आवाज कमी-जास्त करायची पट्टी उजवीकडून डावीकडे गेली. तिसरीत कळफलक मराठीचा हिंदी झाला आणि 'ळ' शोधण्यात सरांचे दोन दिवस गेले. त्या तिन्ही छोट्या उजळण्या होत्या, चौकोनांना धक्का लागला नव्हता. आता मोठी येणार होती. दर रविवारी पडद्यावर प्रश्न यायचा, 'मोठी उजळणी तयार आहे. आत्ता की नंतर?' आणि सर 'नंतर' दाबायचे. असं बारा वेळा झालं. बारा वेळांनंतर उजळणी पुन्हा विचारत बसत नाही, ती यंत्र रिकामं मिळण्याची वाट बघते, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात आणि त्या दिवशी हत्याराला विश्रांती देतात. सरांनी हा नेम वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं पाळला होता. प्राचार्यांची खुर्ची मोडली तरी त्या दिवशी पाना हातात घेतला नव्हता. निवृत्तीनंतर घरी पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं आणि दोन कानसी मांडायचे. यंदा त्यांनी शैलजाबाईंचं यंत्रही पाटावर ठेवलं. त्यांच्या लेखी घरातलं सर्वांत मोलाचं हत्यार तेच होतं. ते चालूच ठेवलं, कारण काळा पडदा अशुभ दिसतो. हळद-कुंकू लावलं आणि खालच्या कडेवर झेंडूची माळ टाकली.

"आजचा दिवस याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "एकच तर दिवस आहे. चहा, जेवण, गोळ्या, सगळं मला ठाऊक आहे की."

दुपारी शैलजाबाई पाटाकडे बोट दाखवू लागल्या. घशातून आवाज काढू लागल्या.

"उद्या, शैला. उद्या दसरा, मग दिवसभर बोल."

त्या उठल्या, काठी टेकत पाटापाशी गेल्या आणि माळेकडे बोट केलं.

"तिरकी झाली होय?" सरांनी माळ सरळ केली.

शैलजाबाईंनी डोळे मिटले आणि परत जाऊन बसल्या. माळेखाली एक पिवळी पट्टी सकाळपासून आखूड होत चालली होती. तिच्यावर लिहिलेलं होतं की यंत्र वापरात दिसत नाही, चोवीस तासांत कुणी हात लावला नाही तर मोठी उजळणी सुरू होईल. शैलजाबाईंना ते वाचता आलं नव्हतं. पण ती पट्टी रोज तिथे नसते एवढं त्यांना कळलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी सरांनी माळ काढली आणि यंत्र शैलजाबाईंपुढे आणून ठेवलं. पडदा छान दिसत होता. चौकोन मोठे, रंग स्वच्छ. शैलजाबाईंनी वरच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावलं.

"औषध," यंत्र त्यांच्या आवाजात म्हणालं.

त्यांनी बोट उचलून पाहिलं. पुन्हा तिथेच टेकवलं. "औषध." मग तिसरी ओळ, दुसरा चौकोन, जिथे मीठ होतं. "झोप." शेवटच्या ओळीत मुलीचं नाव होतं. तिथे बोट लावलं तर काहीच वाजलं नाही. ती जागा रिकामी होती.

शैलजाबाईंनी डावा हात मांडीवर घेतला आणि तो उलटासुलटा करून बघितला. मग डोक्याला लावला. सरांना त्याचा अर्थ लगेच कळला. पुन्हा झटका आला, आता हा हातही गेला, असं त्या म्हणत होत्या.

"अगं नाही, यंत्रानं काहीतरी..." सर सांगू लागले. पण त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्या दिवशी त्यांनी यंत्राला हात लावला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

रेश्माबाई फोनवर म्हणाल्या, "सर, नव्या जागा शिकवता येतील. पण काकूंनी हात लावायला हवा. त्यांनी मनानं सोडून दिलं तर मला काही करता येत नाही."

सरांनी अंगणच्या लोकांना कडक पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी फोन आला.

"नमस्कार सर, मी निर्मला हेगडे. धारवाडहून बोलते. अंगणचा मांडणीचा भाग मी सांभाळते."

"बाई, तुम्ही माझ्या बायकोची वाचा घालवलीत."

"जुनं परत आणता येतं, सर. यंत्र सुरू करताना 'मागची घडी' अशी ओळ येते. उजळणीनंतर सात दिवस ती राहते. आठव्या दिवशी पुसली जाते."

"मग चौकोन होते तिथेच राहतील?"

"पुढच्या उजळणीपर्यंत."

"उजळणी कायमची नको म्हटलं तर?"

"तर यंत्राची कुलपं जुनी होतात. हॉस्पिटलचा संगणक त्याला आत घेणार नाही. तिथून येणारे धडे, तपासणी, सगळं बंद."

"'जागा हलवू नका' असं एक साधं बटण ठेवायला काय होतं तुम्हाला?"

"होतं सर. सात वर्षं होतं. हजारात चार माणसं वापरायची. मग ते बटण यंत्रानंच काढलं."

"तुम्ही लावा की परत!"

"आम्ही एकोणीस जण आहोत, नोकऱ्या सांभाळून करतो. मी शाळेत गणित शिकवते. लावीन, पण या सात दिवसांत नाही होणार. खोटं कशाला सांगू?"

सरांनी आयुष्यभर शिकवलं होतं. मास्तरीणबाईंवर त्यांना फार वेळ चिडता येईना. त्यांनी एवढंच विचारलं, "पण यंत्रानं तिच्या सवयी बघूनच मांडलं ना? मग तिच्या मुलीचं नाव कसं काढलं?"

"ते मलाही विचित्र वाटलं. मांडणीचा अहवाल तुमच्या यंत्रात असेल. बाहेर कुणाकडे जात नाही तो. कसा उघडायचा सांगते, तुम्हीच बघा."

सरांनी अहवाल उघडला. चौदा महिन्यांत चौकोन नऊ हजार दोनशे वेळा दाबले गेले होते. त्यातले सहा हजार नऊशे वेळा बोट येताक्षणी, अर्ध्या सेकंदाच्या आत. उरलेल्या वेळी चार-पाच सेकंद घुटमळून. यंत्राच्या लेखी वापरणारा माणूस एकच होता, तेव्हा जलद दाबणं ही त्याची खरी इच्छा आणि घुटमळणं ही त्याची अडचण, असा हिशेब यंत्रानं केला होता. हिशेबात चूक नव्हती. फक्त माणसं दोन होती. शैलजाबाईंचं बोट अर्ध्या सेकंदात कधीच टेकत नसे.

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांना आपला हात आठवला.

लेथवर नवशिका मुलगा अडखळला की शिकवणाऱ्यानं बोलत बसायचं नसतं. शब्द पोचेपर्यंत बोट जातं. शिकवणाऱ्याचाच हात सरळ हँडलवर जायला हवा. एकतीस वर्षं सरांचा हात असाच गेला होता, आणि त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकाही मुलाचं बोट कापलं नव्हतं. तोच हात घरी जेवणाच्या टेबलावरही जात होता. शैलजाबाईंचं बोट एखाद्या चौकोनावर घुटमळलं की, "पाणी ना? पाणीच," असं म्हणून सर 'पाणी' दाबून टाकत. शैलजाबाई मान हलवत. ती मान होकाराची आहे असं ते धरून चालले होते.

अहवालात खाली काढून टाकलेल्या अकरा चौकोनांची यादी होती. मुलीचं नाव, 'फिरायला', 'स्टँड', 'चिडले', अशी. प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं होतं. सर्वांत वर 'थांबा' होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'वापरकर्त्याचं बोट इथे एक हजार एकशे चाळीस वेळा आलं. त्यातल्या एक हजार शंभर वेळा दोन सेकंदांत त्यानं दुसरंच काही दाबलं. हा चौकोन वाटेत अडथळा ठरत आहे.'

सरांनी ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढून ठेवला.

सहाव्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघरात गेले. फडताळातल्या दुसऱ्या कप्प्यातला मिठाचा डबा त्यांनी साखरेच्या जागी ठेवला आणि साखरेचा मिठाच्या जागी. दोन्ही डबे स्टीलचे, एकसारखे. मग त्यांनी शैलजाबाईंना हाताला धरून आणलं आणि ताटलीतला काकडीचा काप दाखवला. "मीठ लाव."

त्यांनी न बघता डावीकडचा डबा काढला, चिमूट घातली आणि काप तोंडात टाकला. तोंड वाकडं झालं. त्यांनी डब्यात पाहिलं. मग फडताळाकडे, मग सरांकडे.

"तुझा हात बरोबर गेला," सर म्हणाले. "डबे मी हलवले." त्यांनी बाहेरच्या यंत्राकडे बोट केलं. "त्यानंही असंच केलं. डबे हलवले. तुला काही झालेलं नाही, शैला."

शैलजाबाईंनी डाव्या हातानं सरांच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात.

"मार," सर म्हणाले. "अजून एक बाकी आहे. ते यंत्र असं का वागलं, ते मी अहवालात वाचलंय. त्यानं माझा हातच तुझा हात समजला."

याचा किती अर्थ त्यांना लागला कोण जाणे. पण दुसरी चापट आली नाही.

सरांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. 'मागची घडी' ही ओळ दाबताच पडद्यावर दोन चित्रं आली. एक जुन्या मांडणीचं, एक नव्या. सर एकेक वाक्य सावकाश बोलले. "हे घेतलं तर तुझ्या जागा परत. पण रेश्माचे धडे इथे येणं बंद. हे ठेवलं तर धडे चालू. पण जागा नव्या, पहिल्यापासून शिकायच्या."

जुन्या चित्राकडे सरांचाच हात निघाला होता. तो त्यांनी वाटेत ओढून घेतला. मग दोन्ही हात पाठीमागे धरून ते उभे राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. चाळीस सेकंद फार मोठे असतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. शैलजाबाईंचं बोट नव्या चित्रावर गेलं, तिथे घुटमळलं, आणि परत आलं. मग जुन्यावर गेलं आणि टेकलं.

वीस मिनिटांनी अठ्ठेचाळीस चौकोन आपापल्या जागी होते. शैलजाबाईंनी वरच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावलं.

"अहो," स्टँडवरचा आवाज घरभर गेला.

"काय गं?"

बोट पाचव्या ओळीत गेलं. तिथे पोचायला पाच सेकंद लागले. सरांचे हात पाठीमागेच होते.

"थांबा," यंत्र म्हणालं.

सर थांबले.

त्यानंतर यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध राहिला नाही. धड्यांसाठी दर गुरुवारी दोघं एस.टी.नं सांगलीला जाऊ लागली. स्टँडवर आता दुसऱ्याच बाईंचा आवाज असतो. शैलजाबाई तो ऐकतात आणि नाक मुरडतात. हिवाळ्यात निर्मला हेगडे यांचं पत्र आलं. 'जागा हलवू नका' हे बटण परत लावलं होतं, आणि यंत्र पुन्हा काढू शकणार नाही अशा जागी लावलं होतं. पण ते हवं असेल तर आधी एकदा उजळणी करावी लागेल, असं पुढे लिहिलं होतं. सरांनी पत्र वाचून दाखवलं. शैलजाबाईंनी 'नको' दाबलं. सरांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सरांनी पाट मांडला. व्हर्नियर, मायक्रोमीटर, दोन कानसी. यंत्र जेवणाच्या टेबलावरच राहू दिलं. हळद-कुंकवाची वाटी आणून ते पाटासमोर बसले, एवढ्यात शैलजाबाई काठी टेकत आल्या आणि समोरच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. त्यांनी सरांचा उजवा हात मनगटाशी धरला आणि ओढून पाटावर, कानशींच्या शेजारी ठेवला.

"अगं, हे काय?"

त्यांनी डाव्या हाताचं बोट वाटीत माखून घेतलं. सरांच्या पाचही बोटांवर हळद लावली, मग कुंकू. झेंडूचं एक फूल मनगटावर ठेवलं. सर हसू लागले, मग हसायचे थांबले.

शैलजाबाई सावकाश उठल्या आणि टेबलापाशी जाऊन बसल्या. त्यांचं बोट पडद्यावर फिरू लागलं. पहिल्या शब्दाला सहा सेकंद लागले, दुसऱ्याला त्याहून जास्त. सरांचा हात फुलाखाली पाटावर पडून होता. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो.